बुटीच्या ठशामागचे नामदेव

सेनगाव : आषाढी एकादशीला पंढरपूर गाठलेले मराठवाडा आणि विदर्भातले हजारो वारकरी पुढच्या एकादशीला घरी न जाता आधी नर्सीला येतात. हिंगोलीहून सेनगावकडे येणाऱ्या रस्त्यालगत, कयाधू नदीच्या काठी वसलेले हे गाव त्या दिवशी माणसांनी फुलून जाते. या भागात तिला परतवारी म्हणतात. संत नामदेवांचे हे जन्मगाव. येथे त्यांची वस्त्रसमाधी आहे. देह पंढरपूरच्या महाद्वारात विसावला, जन्मभूमीच्या वाट्याला वस्त्र आले. कापडाच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या कुळातल्या पुरुषाचे स्मारक वस्त्राचेच असावे, हा योग भाविकांना फारसा विशेष वाटत नसावा. प्रस्तुत प्रतिनिधीला मात्र तो पहिल्या भेटीतच जाणवला.

त्याचे कारण सेनगावच्या बाजारात होते. कापडाच्या दुकानापुढे दोरीवर टांगलेल्या चादरींत पांढऱ्या पोतावर लहान लहान लाल फुले छापलेली एक चादर होती. या छापाला दुकानदार सांगानेरी म्हणतात. जयपूरजवळच्या सांगानेर गावात हे काम चालते आणि ते करणारा समाज स्वतःला नामदेव छिपा म्हणवतो. गिऱ्हाईक भाव विचारते, कापड हाताने चाचपते, घेते किंवा पुढे जाते. ही बुटी छापणारे लोक नर्सीच्या नामदेवांना आपले कुलपुरुष मानतात, ही गोष्ट मात्र नर्सीच्या शेजारच्या या बाजारपेठेत क्वचितच कोणाला ठाऊक असते. महाराष्ट्राने नामदेवांना शिंपी म्हणून ओळखले, उत्तरेने छिपा म्हणून. एकाच माणसाची ही दोन नावे कशी पडली, याचा शोध घेताना त्यांचे सारे चरित्र पुन्हा वाचावे लागते.

बुटी म्हणजे एकच लहान आकृती ठरावीक अंतराने साऱ्या पोतावर पुन्हा पुन्हा उमटवणे. पैठणीच्या अंगावर जरीच्या चांदण्या, कुयऱ्या, चंद्रकोरी विणलेल्या असतात, तोही याच कुळातला प्रकार. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतल्या वस्त्रांवरही ओळीने फिरणाऱ्या आकृत्या दिसतात. युरोपात हीच रचना सरदारांच्या ढालींवर आणि निशाणांवर गेली. फ्रान्सच्या राजाची निळी ढाल सोनेरी लिलीच्या फुलांनी भरलेली असे. तेथील कुलचिन्हांच्या शास्त्रात या रचनेला जो शब्द आहे, त्याचा अर्थ चक्क पेरलेले असा होतो. मृग लागला की तिफण जोडणाऱ्या या मुलखात त्या शब्दाचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. या शास्त्राचा एक नियम मोठा मनोज्ञ आहे. पेरलेली फुले मोजायची नसतात. ढालीच्या कडेशी आलेले फूल अर्धे कापले गेले तरी चालते. किंबहुना ते तसे कापले जावे अशीच अपेक्षा असते. ढाल म्हणजे एका अमर्याद फुललेल्या शेताचा कापून घेतलेला तुकडा, अशी त्यामागची कल्पना. ठशाच्या कापडाचेही असेच आहे. थान फाडले की काठाशी अर्धी बुटी राहते आणि तिच्याबद्दल कोणी तक्रार करीत नाही.

आपल्याकडे राजचिन्हांत ही पेरणी दिसत नाही. देवगिरीच्या यादवांच्या ध्वजावर सोनेरी गरुड होता, एकटा. बुटी राहिली ती बाजारात, रंगाऱ्याच्या आणि छिप्याच्या हाताखाली. फ्रान्समध्ये जी रचना राजाची ओळख झाली, ती येथे ज्यांची नावे कोठेच लिहिली गेली नाहीत अशा कारागिरांची होती. त्या कारागिरांना पुढे एक नाव मिळाले ते नामदेवांचे.

नामदेवांचा जन्म शके ११९२ मधल्या कार्तिक शुद्ध एकादशीचा मानला जातो. इंग्रजी कालगणनेप्रमाणे तो दिवस २६ ऑक्टोबर १२७० हा येतो. दोनच महिने आधी, ऑगस्टमध्ये, लिलीची फुले मिरवणारा फ्रान्सचा राजा नववा लुई ट्यूनिसच्या वेढ्यात आजारी पडून मरण पावला होता. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. काळाची कल्पना यावी एवढ्यासाठीच हा उल्लेख. वडील दामाशेटी, आई गोणाई, बहीण आऊबाई. मूळ पुरुष यदुशेटी नर्सी बामणीचे. जन्म नर्सीत झाला की पंढरपुरात, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कऱ्हाडजवळच्या नरसिंगपूरचेही नाव काहींनी पुढे केले. नर्सीकरांच्या लेखी हा वाद कधीच मिटलेला आहे. बालपण आणि बराचसा संसार पंढरपुरात गेला, याबद्दल मात्र दुमत नाही.

घरचा धंदा कापड शिवण्याचा आणि विकण्याचा. मुलाचे लक्ष त्यात नव्हते. आईने दिलेला नैवेद्य विठोबाने खाल्लाच पाहिजे म्हणून देवासमोर हटून बसलेला बाल नामदेव प्रत्येक मराठी घरात ठाऊक आहे. त्या मानाने कमी सांगितली जाणारी एक कथा महिपतींनी अठराव्या शतकात भक्तविजयात नोंदवली. घरच्यांनी नामदेवाला कापड घेऊन बाजारात पाठवले. त्याने ते रानातल्या दगडधोंड्यांना उधार विकले आणि पैशांची हमी म्हणून एक धोंडा, धोंडोबा या नावाने, घरी आणून कोंडून ठेवला. पुढे तो सोन्याचा झाला वगैरे चमत्काराचा भाग सोडून दिला तरी एक गोष्ट उरते. कथा रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नामदेवाचे घर हे कापडाची थाने बाजारात नेणारे घर होते, केवळ सुईदोऱ्याचे नव्हे.

राजाईशी विवाह झाला. नारा, विठा, गोंदा, महादा हे पुत्र आणि लिंबाई ही कन्या. गंगाखेडहून आलेली जनाबाई याच घरात वाढली, राबली आणि याच घरात कवयित्री झाली. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि कर्ता पुरुष कीर्तनात दंग. गोणाई आणि राजाई यांच्या तोंडी असलेल्या अभंगांत संसाराची ओढाताण इतकी उघड येते, की संतचरित्रांत सहसा न आढळणारा रोकडेपणा तेथे सापडतो. परिसा भागवतांच्या घरचा परीस राजाईने आणला आणि नामदेवांनी तो चंद्रभागेत फेकून दिला, ही कथा ऐकताना श्रोते नामदेवांच्या वैराग्याला दाद देतात. राजाईची बाजूही ऐकून घेण्यासारखी आहे.

ज्ञानेश्वर आणि त्यांच्या भावंडांशी भेट झाली ती नामदेवांच्या ऐन तारुण्यात. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून मडकी पारखली आणि नामदेवांचे मडके कच्चे निघाले. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. विठोबाच्या सान्निध्यात वाढलेल्या, त्याचा लाडका म्हणवणाऱ्या भक्ताला गुरू नाही म्हणून कच्चा ठरवले गेले. गुरू शोधायला ते औंढा नागनाथला गेले. तेथे विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून निजलेले होते. पाय उचलून दुसरीकडे ठेवावेत तर तेथेही पिंड, अशी ती कथा. देव एका गाभाऱ्यात मावत नाही, हा बोध घेऊन नामदेव परतले. नर्सी आणि औंढा ही दोन्ही गावे आज हिंगोली जिल्ह्यात आहेत. म्हणजे जन्म आणि गुरुबोध या त्यांच्या आयुष्यातल्या दोन्ही मोठ्या घटना, परंपरेने, याच परिसरात घडल्या. औंढ्याचीच दुसरी कथा अधिक बोचरी आहे. देवळापुढे कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागच्या बाजूला हुसकले आणि देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरले. जातीवरून देवळातून बाहेर काढल्याचे आणि देऊळ फिरल्याचे हे दुःख त्यांच्या नावावरच्या हिंदी पदातही आलेले आहे.

ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली तेव्हा नामदेव तेथे होते. आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांतून त्यांनी ज्ञानेश्वरांचे चरित्र अभंगांत गुंफले. मराठीतले आद्य चरित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते ते यामुळे. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी देवगिरीवर आली. पुढच्या वीसबावीस वर्षांत यादवांचे राज्य संपले. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, १३४७ मध्ये बहमनी सत्ता स्थापन झाली. नामदेवांचे आयुष्य या सगळ्या उलथापालथीच्या आरपार गेले. त्यांच्या अभंगांत राजकारण जवळजवळ नाही. मात्र दिल्ली आणि दख्खन यांमधले रस्ते याच काळात वाहते झाले होते, आणि नामदेव त्याच दिशेने उत्तरेला गेले.

पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात घुमान हे गाव आहे. नामदेवांनी तेथे दीर्घकाळ वास्तव्य केले आणि त्यांच्या भोवती ते गाव वसले, अशी तेथील श्रद्धा आहे. हा काळ अठरा ते वीस वर्षांचा सांगितला जातो. तारखांचा मेळ घालायला बसले की अडचण येते. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना चोखोबा भिंतीखाली गाडले गेले, ते साल परंपरेने १३३८ आहे. त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरच्या महाद्वारात आणल्या त्या नामदेवांनी. म्हणजे १३३८ मध्ये ते महाराष्ट्रात होते. आणि समाधी १३५० ची. मग वीस वर्षांचे सलग वास्तव्य त्यामागे ढकलावे लागते, किंवा येणेजाणे चालू होते असे मानावे लागते. पंजाबातले नामदेव वेगळेच, असाही एक पक्ष विद्वानांत होऊन गेला. मराठीत विष्णुदास नामा या पुढच्या काळातल्या कवीची रचना नामदेवांच्या गाथेत मिसळलेली आहेच. तरीही उत्तरेतल्या पदांतला विठ्ठल पाहिला की दोन नामदेवांची कल्पना फार ताणलेली वाटते.

शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. राजस्थानात दादूपंथीयांनी सतराव्या शतकात लिहून ठेवलेल्या पोथ्यांतही त्यांची पदे आढळतात. आणि येथेच ते दुसरे नाव येते. मराठी अभंगांत नामदेव आपले कूळ शिंप्याचे सांगतात. गुरू ग्रंथसाहिबातल्या पदांत ते स्वतःला छिपा म्हणवतात. छिपा म्हणजे ठशाने कापड छापणारा.

यावर दोन्हीकडे पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. उत्तरेत शिंपी हा शब्द समजेना म्हणून उच्चाराने जवळचा छिपा आला, असे काही जण म्हणतात. काहींच्या मते छिप्यांनी एका मोठ्या संताला आपल्या जातीत ओढून घेतले. दोन्ही मतांमागे एक गृहीत आहे, की शिवणारा तो शिंपी आणि छापणारा तो छिपा, व या दोघांत भिंत होती. ती भिंत खरोखर किती उंच होती? पंजाबात छिंबा या एकाच जातिनामाखाली कापड छापणारे, शिवणारे आणि धुणारे असे तिघेही येत. महाराष्ट्रात रंगाई आणि छपाई भावसार समाजाकडे होती आणि शिंपीकाम नामदेव शिंपी समाजाकडे, तरी बाजारात त्यांची दुकाने शेजारीशेजारीच असत. कोरे कापड आणणे, रंगवणे, छापणे, बेतणे आणि विकणे ही एकाच मालाची वाटचाल होती. पंढरपूरच्या दामाशेटींच्या घरात ठसे होते की नव्हते, हे सांगणारा पुरावा नाही. पण कापडाची पारख असलेला एक माणूस पंजाबात गेला आणि तेथील कापडवाल्यांनी त्याला आपल्या भाषेत आपला म्हटले, यात कोणाची फसवणूक झाली असे वाटत नाही.

त्या काळी ठशाचे काम किती चालत होते, याचा पुरावा मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडला. इजिप्तमध्ये कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहराच्या अवशेषांत गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे तुकडे मिळाले. पर्सी न्यूबेरी या इजिप्तच्या अभ्यासकाने जमवलेले असे बाराशेवर तुकडे ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहेत. कार्बन चाचणीने त्यांतले काही तेराव्या-चौदाव्या शतकांतले, काही त्याहूनही जुने ठरले. म्हणजे नामदेव चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तन करीत होते तेव्हा पश्चिम भारतात छापलेली फुले, हंस आणि ठिपके समुद्रापार जात होते. वापरून जीर्ण झालेल्या त्या चिंध्यांवर अजून लाल आणि निळा रंग शाबूत आहे. छापणाऱ्याचे नाव अर्थातच नाही.

तो रंग टिकला तो विद्येमुळे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळसर करायचे. मग सागवान किंवा शिसवीच्या लाकडात कोरलेला ठसा तुरटीच्या लगद्यात टेकवून कापडावर उठवायचा. लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून केलेल्या पाण्याने काळी रेघ येते. नंतर आलाच्या किंवा मंजिष्ठाच्या मुळीच्या काढ्यात कापड उकळले की तुरटी लागलेल्या जागीच लाल रंग पकडतो, बाकीचा धुऊन निघतो. छापताना बुटी जवळजवळ दिसतही नाही. ती उकळीत उमलते. एका बुटीला दोनतीन ठसे लागतात, एक रेघेचा, एक भरणाचा, एक पार्श्वभूमीचा. पहिली ओळ सरळ बसली तर पुढचे सारे थान सरळ जाते. दुसरी ओळ पहिल्या ओळीतल्या दोन बुट्यांच्या मधोमध धरली की विटांच्या भिंतीसारखी रचना होते आणि डोळ्याला रांगा न दिसता सर्वत्र फुले विखुरल्याचा भास होतो. विखुरल्यासारखे दिसावे यासाठी हात किती काटेकोर लागतो, हे छापणाऱ्यालाच ठाऊक.

युरोपातल्या लिलीच्या फुलांचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १३४० मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगितला आणि ती पेरलेली फुले आपल्या ढालीवर घेतली. फुले कोणाची, यावरून सुरू झालेले युद्ध शंभर वर्षे पुरले. १३७६ च्या सुमारास पाचव्या चार्ल्सने असंख्य फुले काढून तीनच ठेवली. मोजता येणारे चिन्ह राजाला सोयीचे पडले असावे.

नामदेवांवरही हक्क सांगितले गेले; सुदैवाने त्यासाठी लढाया झाल्या नाहीत. घुमानला मोठे स्थान उभे राहिले. अठराव्या शतकातल्या रामगढिया मिसलीचे जस्सासिंग यांचे नाव त्या बांधकामाशी जोडले जाते. नामदेवांनी तेथेच देह ठेवला अशी पंजाबातली श्रद्धा असून माघाच्या दुसऱ्या दिवशी, जानेवारीच्या मध्यास, तेथे मोठी जत्रा भरते. महाराष्ट्राची परंपरा वेगळी. शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशी, म्हणजे १३५० साली, पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी त्यांनी समाधी घेतली. संतांचे पाय आपल्या डोक्यावर पडावेत म्हणून पायरी होण्याची त्यांची इच्छा होती, असे सांगतात. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली सून लाडाई तेवढी मागे राहिली, बाकी सारे कुटुंब आणि जनाबाईही त्यांच्यासोबत गेली, ही आठवण वारकरी आजही सांगतात. नामदेव पायरीच्या समोरच चोखोबांची समाधी आहे.

मराठी समाजाला उत्तरेतले नामदेव फार उशिरा भेटले. १९७० मध्ये सातशेव्या जन्मवर्षी राज्य शासनाने गाथा प्रसिद्ध केली, तीत हिंदी पदांचीही दखल होती. ख्रिश्चन ली नोवेत्झ्की या अमेरिकी अभ्यासकाने २००८ मध्ये नामदेवांच्या लोकस्मृतीवर ग्रंथ लिहिला. ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन एप्रिल २०१५ मध्ये घुमानला भरले तेव्हा मराठी लेखक-वाचक प्रथमच मोठ्या संख्येने त्या गावी गेले. पंजाबातून नर्सीला येणारा ओघ त्याआधीपासूनचा आहे. कयाधूच्या या गावात शीख भाविकांनी गुरुद्वारा उभारला आहे.

राजस्थानातले छिपा मात्र अजूनही मराठी चर्चेत फारसे येत नाहीत. सांगानेर आणि बगरू येथल्या छपाईला भौगोलिक मानांकन मिळाले, परदेशी बाजारपेठ मिळाली, आणि त्याबरोबर यंत्रावर छापलेल्या नकलाही आल्या. हातठशाच्या कापडात जोडावर कोठेतरी केसाइतकी फट किंवा किंचित दुहेरी रेघ राहते. यंत्राच्या कापडात ती नसते. सेनगावच्या दुकानातली ती चादर उजेडात धरून पाहिली तेव्हा बुटीच्या ओळी शेवटपर्यंत अगदी बिनचूक होत्या. दुकानदाराने भाव दीडशे सांगितला. माल कोठून येतो असे विचारता तो सुरतेचा असल्याचे त्याने सांगितले.